सेल पाझरलेला ट्रान्झिस्टर: सोडा लावायचा की व्हिनेगर?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचा, खिशात मावेल असा दोन पेन्सिल सेलचा ट्रान्झिस्टर रेडिओ बऱ्याच वर्षांनी ट्रंकेत सापडला. सेल आतच राहिले होते. ते पाझरून एका टोकाच्या स्प्रिंगवर पांढरी भुकटी आणि हिरवट-निळा थर बसला होता. ‘ॲसिड आलंय’ म्हणून खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावला, मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसून काढलं. दिसायला स्वच्छ झालं. नवे सेल घातल्यावर एकदा खर्रकन आवाज आला आणि मग काहीच नाही. टाकून देववत नाही. काय करावं?

आधी ते नवे सेल बाहेर काढा, उत्तर त्यानंतर वाचा. क्षार आणि ओल असलेल्या बोर्डावर व्होल्टेज राहिलं की तांब्याचे ट्रॅक झपाट्याने खाल्ले जातात. तुमचा बोर्ड आतून अजून ओलसर आहे असंच मी धरून चालतोय.

आणि धीर सोडू नका. एकदा खरखर आली, म्हणजे सेलपासून स्पीकरपर्यंत करंट एकदा तरी पोचला. स्पीकर जिवंत आहे, आउटपुटचा भागही बहुधा जिवंत आहे. ३२ वर्षं मी सांगलीत रेडिओ, टेप, कॅल्क्युलेटर उघडतोय. सेल पाझरलेले सेट आले की त्यातले बहुतेक सेट सेल आणि स्विच यांच्यामधल्या दोन-चार इंचांत अडलेले असतात, रेडिओ स्वतः ठणठणीत असतो. तुमचाही तिथेच अडला असावा.

आता सोड्याचं. सेल फुटला की आपण सगळेच ‘ॲसिड आलं’ म्हणतो. मोटारीच्या नाहीतर इन्व्हर्टरच्या बॅटरीत खरोखर सल्फ्युरिक ॲसिड असतं, तिथे सोड्याचं पाणी हाच उपाय. पण तुम्ही सांगता ती कोरडी पांढरी भुकटी, तीही स्प्रिंगला टेकणाऱ्या, म्हणजे सेलच्या निगेटिव्ह टोकालाच, ही अल्कलाईन सेलची खूण आहे. त्याच्या आत पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं दाट द्रावण असतं. शाळेच्या भाषेत आम्लारी, म्हणजे ॲसिडच्या नेमकं उलट. सेल रिकामा होत गेला की आत हायड्रोजन वायू तयार होतो, दाब वाढतो, आणि निगेटिव्ह टोकाच्या नायलॉनच्या सीलमध्ये मुद्दाम ठेवलेला पातळ पडदा फाटतो. सेल बॉम्बसारखा फुटू नये म्हणून ती सोय असते. त्या वाटेने द्रावण बाहेर येतं, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतं आणि त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं. तीच तुमची पांढरी भुकटी. हिरवा-निळा रंग तांब्या-पितळेचा, म्हणजे तिने धातू खायला सुरुवात केल्याचा.

यावर सोडा लावणं म्हणजे चुन्याच्या डागावर पुन्हा चुना फासणं. नुकसान फारसं झालं नाही, पण काम काहीच झालं नाही. आयपीएचंही तसंच. पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात चटकन विरघळतं, अल्कोहोलमध्ये विरघळत नाही. तुम्ही कापसाने पुसलंत तेव्हा ते विरघळून निघालं नाही, बारीक होऊन फटीफटीत जाऊन बसलं.

दुसरी जात झिंक-कार्बनची. आपल्याकडे भिंतीवरच्या घड्याळात, रिमोटमध्ये, टॉर्चमध्ये असतो तो स्वस्त सेल बहुतेक वेळा हाच. यात बाहेरचा जस्ताचा डबा हाच निगेटिव्ह असतो आणि सेल वापरला जातो तसा तो डबा आतून खंगत जातो. शेवटी त्याला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात आणि अमोनियम क्लोराइड किंवा झिंक क्लोराइडचं चिकट पाणी बाहेर येतं. हे तपकिरी, गंजट, गुळाच्या पाकासारखं चिकट असतं. सेल फुगून जागेवर बसतो, टॉर्चच्या नळीत तर असा अडकतो की ठोकूनही निघत नाही. हे पाणी सौम्य आम्लधर्मी असतं. त्याला खाण्याचा सोडा बरोबर. धुण्याचा सोडा वापरू नका, तो फार कडक.

सेल अजून हातात असेल तर ओळखायला सोपं आहे. त्यावर बारीक अक्षरांत ‘आर६’ असेल तर झिंक-कार्बन, ‘एलआर६’ असेल तर अल्कलाईन. तो एक ‘एल’ बघायचा. बटण सेललाही तेच: ‘एलआर४४’ अल्कलाईन, ‘एसआर४४’ सिल्व्हर ऑक्साइड. दोन्हींत आम्लारीच असते, म्हणून दोन्हींना व्हिनेगर. ‘केआर’ म्हणजे निकेल-कॅडमियम, ‘एचआर’ म्हणजे निकेल-मेटल हायड्राइड, तिथेही व्हिनेगरच.

सेल फेकून दिला असेल किंवा वरचा कागद गळून गेला असेल, तर मी हळद वापरतो. चिमूटभर हळद चमचाभर आयपीएमध्ये कालवायची, त्यात पांढऱ्या टीपकागदाची पट्टी बुडवून वाळवायची. मग दातकोरणीचं टोक स्वच्छ पाण्यात ओलं करून थराला लावायचं आणि त्याच टोकाने पिवळ्या पट्टीवर ठिपका द्यायचा. ठिपका क्षणात विटकरी-लाल झाला तर आम्लारी आहे, व्हिनेगर घ्या. पिवळाच राहिला तर सोडा घ्या. पांढऱ्या शर्टावरचा वरणाचा डाग साबण लागताच लालसर होतो, तीच ही गोष्ट. हळदीला चुन्याची निवळी लावून कुंकू करायची जुनी रीतही याच गुणावर चालते. फक्त तुम्ही आधी सोडा फासला आहे त्या जागेवर ही परीक्षा घेऊ नका, सोड्यानेही पट्टी तांबूस होते. सेल ठेवायच्या खाचेच्या कोपऱ्यात, जिथे तुमचा कापूस पोचला नसेल, तिथला कण घ्या.

कामाला बसण्याआधी चष्मा घाला. साधा चालेल, पण चष्म्याशिवाय बसू नका. पोटॅशियम हायड्रॉक्साइड डोळ्यात गेलं तर बुबुळाला कायमची इजा होऊ शकते. गेलंच तर १५-२० मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरायचा आणि लगेच डॉक्टरांकडे जायचं. बोटांना लागलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं, कारण ते कातडीवरच्या तेलाचा खरोखरच साबण करतं. भरपूर पाण्याने धुवा, अंगावर व्हिनेगर ओतू नका. कोरडी भुकटी ब्रशने उडवू नका, नाकात जाते. खाली वर्तमानपत्र पसरा आणि ओल्या कापसाने टिपून घ्या.

सामान घरातलंच आहे. पांढरं सिंथेटिक व्हिनेगर किराणा दुकानात मिळतं तेच घ्या. लिंबाचा रस चालतो, पण त्यातली साखर आणि चोथा मागे राहून चिकटपणा करतो. लिंबूच हवं असेल तर लिंबूसत्त्व चांगलं, कपभर पाण्यात एक छोटा चमचा. डिस्टिल्ड वॉटर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं असतं ते, बॅटरीवाल्याकडे मिळतं. पण कॅनवरचं नाव वाचून घ्या, त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये बॅटरीचं ॲसिडही असतं. शिवाय कानातले कापूसबोळे, दातकोरण्या, जुना मऊ दातब्रश, आयपीए आणि मल्टिमीटर. मल्टिमीटर नसेल तर साधा स्वस्तातला डिजिटल घ्या, कारण पुढचं अर्धं काम डोळ्यांनी होत नाही.

सेट उघडा, उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. बोर्ड सुटा करताना फेराइटच्या दांडीवरच्या कॉइलला जपा, तिच्या तारा केसाएवढ्या असतात. ती कॉइल, प्लास्टिकचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचं चाक फिरवतं तो), आयएफटीचे (छोट्या ट्रान्सफॉर्मरचे) चौकोनी पत्र्याचे डबे आणि स्पीकरचा कागद यांना व्हिनेगरचा किंवा पाण्याचा थेंबही लागता कामा नये. गँगच्या आत प्लास्टिकच्या पातळ पडद्या असतात, त्यात ओल गेली की स्टेशन जागा सोडतं आणि पुन्हा जुळत नाही. म्हणून बोर्ड तिरका धरायचा, सेलची बाजू खाली, म्हणजे ओघळ बाहेरच्या बाजूला जाईल.

हे मी एवढं बजावून सांगतो त्याला कारण आहे. शिकाऊ असताना एका शिक्षकांचा कॅल्क्युलेटर माझ्याकडे आला होता, त्यातला सेल असाच पाझरलेला. मी झाकण उघडून थेट बाटलीतून व्हिनेगर सोडलं. स्प्रिंग लखलखीत झाली. पण ओघळ डिस्प्लेच्या खाली गेला. तिथे काचेला आणि बोर्डाला जोडणारी रबराची पट्टी असते, तिच्यात कार्बनच्या बारीक रेघा एकाआड एक असतात. दोन दिवसांनी आकड्यांचे अर्धे तुकडे दिसेनासे झाले आणि ते परत आले नाहीत. त्यांनी त्या कॅल्क्युलेटरवर वर्षानुवर्षं निकाल लावले होते. मी पैसे घेतले नाहीत, पण त्याने वस्तू परत येत नाही. तेव्हापासून ओतणं बंद, फक्त कापूसबोळा, तोही पिळून.

आता धुणं. कापूसबोळा व्हिनेगरमध्ये बुडवून पिळा आणि स्प्रिंगवर, तिच्या बुडाशी, प्लास्टिकच्या खाचेत लावा. बारीक फेस येईल. कार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघतो त्याचा तो फेस. फेस यायचा थांबेपर्यंत नवा बोळा घेऊन पुन्हा लावा. स्प्रिंग सोल्डर काढून सुटी करता येत असेल तर जरूर करा आणि वाटीत १०-१५ मिनिटं व्हिनेगरमध्ये ठेवा. रात्रभर ठेवू नका, निकेलचा मुलामा निघून जातो. सुटी केल्यावर तिच्याखालची जागा बघा. पाझरलेला माल सगळ्यात जास्त तिथेच दबा धरून बसलेला असतो, आणि वरून पुसणाऱ्याला तो कधीच दिसत नाही.

व्हिनेगरनंतर डिस्टिल्ड वॉटर, आणि हीच पायरी लोक गाळतात. पोटॅशियम कार्बोनेट आणि व्हिनेगर यांतून पोटॅशियम ॲसिटेट तयार होतं, आणि तेही हवेतलं पाणी जोरात ओढून घेणारा क्षार आहे. ते धुऊन काढलं नाही तर एक ओल धरणारी भुकटी काढून दुसरी बसवली असं होतं. माझ्याकडे असे सेट येतात जे उन्हाळ्यात नीट चालतात आणि मृग लागला की भुणभुणायला लागतात. उघडून बघितलं की स्प्रिंगच्या बुडाशी काहीतरी ओलसर, चकाकणारं असतं. मालक म्हणतो, मी तर व्हिनेगरने साफ केला होता. साफ केलेला असतो, धुतलेला नसतो. तीन वेळा, प्रत्येक वेळी नवा बोळा आणि नवं पाणी. नळाचं नको, त्यातले क्षार मागे राहतात.

त्यानंतर आयपीएची पाळी येते, पाण्याला सोबत घेऊन उडून जाण्यासाठी. मग पंख्याखाली पूर्ण एक दिवस. पावसाळा असेल तर टेबललॅम्पच्या जुन्या पिवळ्या बल्बखाली फूटभर अंतरावर ठेवा. कडक उन्हात नको. तांदळाच्या डब्यात तर अजिबात नको, पीठ आत जातं.

वाळल्यावर भिंगातून स्प्रिंग बघा. राखाडी-पांढरी, एकसारखी असेल तर शाईच्या खरखरीत खोडरबराने घासा, बस. तांबूस गंज दिसत असेल तर मुलामा गेलेला आहे. १००० नंबरच्या पॉलिश पेपरने फक्त सेल टेकतो तेवढी जागा उजळा, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावायची पेस्ट) लावून त्यावर सोल्डरचा पातळ हात फिरवा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजेल. भांडी घासायची तारेची घासणी इथे आणू नका, तिचा एक तुकडा बोर्डावर राहिला की शॉर्ट. स्प्रिंग हाताने दाबली आणि मोडली तर वाईट वाटून घेऊ नका, ती आधीच गेलेली होती. मोडक्या खेळण्यातली किंवा रिमोटमधली बसते.

आता मी ज्या जागेवर पैज लावीन ती: निगेटिव्ह स्प्रिंगपासून स्विचकडे जाणारी वायर. अल्कलाईनचं द्रावण नुसतं सांडत नाही, ते धातूच्या अंगाने चढतं. वायरमधल्या तारांच्या पीळात दिव्याच्या वातीतल्या तेलासारखं वर ओढलं जातं, प्लास्टिकच्या आवरणाच्या आतून, इंच दोन इंच, कधी पार दुसऱ्या टोकापर्यंत. वरून वायर नवी कोरी दिसते. टोकाचं आवरण थोडं सोला. आत तांबं तांबूस, चमकदार असेल तर ठीक. काजळीसारखं काळं असेल तर ती वायर गेली. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, कितीही तापवा, थेंब गोळी होऊन ओघळतो. लोक त्यावर पेस्ट थापून थापून वरवर चिकटवतात. रेडिओ दुकानात वाजतो आणि घरी नेईपर्यंत बंद पडतो. तुमच्याकडे एकदाच खर्र होऊन शांत झाला, त्याचं कारण मला हेच दिसतंय: काळ्या पडलेल्या तारेत कुठेतरी एक टोक क्षणभर टेकलं. काळा भाग कापून उरलेली जोडू नका, अख्खी वायर बदला. दोन्ही वायरी बदलल्या तरी अर्ध्या तासाचं काम आहे.

वायर बदलण्याआधी मीटरने खात्री करायची असेल तर अशी करा. नवे सेल घाला, स्विच चालू करा आणि सेलच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. ३ व्होल्टच्या आसपास येईल. मग तेच बोर्डावर, वायर जिथे सोल्डर केली आहे तिथे मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. सेलवर ३.१ आणि बोर्डावर २.३ असेल तर मधले ०.८ व्होल्ट गंज खातोय. स्विच चालू ठेवूनच मोजा. बंद असताना करंट वाहत नाही, त्यामुळे सडकी वायरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवते आणि माणूस फसतो. एक गोष्ट लक्षात ठेवा, जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या जुन्या सेटमध्ये (बोर्डावर एसी १२८ वगैरे दिसले तर) बऱ्याचदा पॉझिटिव्ह हाच ग्राउंड असतो. मीटर उलटा आकडा दाखवेल, घाबरू नका आणि सेल उलटे घालू नका.

वायर चांगली निघाली तर पुढचा संशय स्विचवर. छोट्या ट्रान्झिस्टरमध्ये तो व्हॉल्यूमच्या चाकातच असतो. त्यात कॉन्टॅक्ट क्लीनर मारून चाक वीसेक वेळा पुढे-मागे फिरवा. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे मारू नका, त्याचा थर राहतो आणि धूळ धरतो.

मग बोर्ड. जुना तपकिरी बोर्ड असेल, हिरव्या फायबरचा नसेल, तर सोल्डर करायची इस्त्री २५ वॅटचीच घ्या आणि एका जागी तीन सेकंदांहून जास्त टेकवू नका. त्या बोर्डावरचा ट्रॅक उष्णतेने पापडासारखा उचलला जातो. ट्रॅकवरचा रंग कुठे काळा-हिरवा पडलाय ते बघा. तिथे ब्लेडच्या टोकाने रंग खरवडा, खाली चमकदार तांबं लागलं की थांबा. मीटर बीपच्या (कंटिन्युइटीच्या) खुणेवर ठेवून ट्रॅक अखंड आहे का ते तपासा. तुटला असेल तर चांगल्या वायरमधली एक तार काढून दोन्ही टोकांच्या चांगल्या तांब्यावर पूल बांधा. पूल मधल्या सडक्या भागावर टेकवू नका. जे सोल्डरचे टाके राखाडी, भुसभुशीत दिसतात त्यातलं जुनं सोल्डर पूर्ण ओढून काढा आणि नवं घाला. खरवडलेल्या तांब्यावर शेवटी रंगहीन नेलपॉलिशचा एक हात. स्प्रिंगवर मात्र नाही.

एवढं झाल्यावर रेडिओ बोलायला हवा. बोलला पण आवाज बारीक किंवा फाटका आला, तर सप्लायवरचा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदला. तो पाझरण्यामुळे गेलेला नसतो, वयाने सुकलेला असतो. त्याच क्षमतेचा आणि तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा घ्या. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, कुठेही मिळेल.

घरात अशा इतर वस्तू असतील तर थोडक्यात सांगतो. चार सेलचा हातातला व्हिडिओ गेम, वॉकमन, मल्टिमीटर, सगळ्यांना हीच पद्धत, फक्त डिस्प्ले आणि त्याची पट्टी यांच्यापासून चार हात लांब राहा, आणि बटणांखालच्या काळ्या कार्बनच्या ठिपक्यांना आयपीए चोळू नका. वॉकमनच्या पट्ट्याला आणि रबराच्या चाकालाही व्हिनेगर नको. चार्जिंगचा टॉर्च, इमर्जन्सी दिवा आणि डास मारायची बॅट यांत बऱ्याचदा ४ व्होल्टची छोटी लेड-ॲसिड बॅटरी असते. तिथे खरंच ॲसिड आहे, म्हणून तिथे सोडा. मोबाइलची लिथियम बॅटरी उशीसारखी फुगली असेल तर यातलं काहीही करू नका. टोचू नका, दाबू नका, चार्ज करू नका, बाहेर काढून ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

काढलेले सेलही नीट टाका. माझ्या लहानपणी शाळेचा फळा काळा करायला आम्ही जुने सेल दगडाने फोडायचो, त्यातली काळी पूड हाताने कालवायचो, कोळशाच्या कांडीने फरशीवर रेघा मारायचो. त्या काळच्या सेलमध्ये पारा असायचा, हे आम्हाला सांगणारं कोणी नव्हतं. तुमच्या ट्रंकेतले सेल जुने आहेत, मुलांच्या हाती देऊ नका, शेकोटीत टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांत हे छोटे सेलही येतात. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ई-कचरा घेतात तिथे द्या.

सेल का पाझरतात, तेही सांगतो, कारण तुमच्या घरात आज आणखी चार-पाच वस्तूंत हेच चालू असणार. रिकामा झालेला सेल आत राहणं हे मोठं कारण. दुसरं, जुना आणि नवा सेल जोडीने घालणं. नवा सेल जोर लावतो, त्या ओघात रिकामा सेल उलट्या दिशेने ढकलला जातो, त्यात वायू होतो आणि तो पाझरतो. एक कंपनीचा, एक दुसरीचा, एक अल्कलाईन, एक साधा, हेही तसंच. बदलायचे तर सगळे एकदम बदला. भिंतीवरचं घड्याळ इतका कमी करंट घेतं की सेल जवळजवळ संपला तरी ते चालत राहतं, म्हणून त्यात सेल वर्षानुवर्षं राहतात. आमच्या दुकानात खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्याच्या आदल्या दिवशी मी दुकानातली आणि घरातली सेलची सगळी झाकणं उघडतो. रिमोट, घड्याळं, टॉर्च, वजनकाटा, आईचं साखर मोजायचं मशीन. ज्यात पांढरा ठिपका दिसेल ते तिथल्या तिथे व्हिनेगरने साफ होतं. ठिपका असताना पाच मिनिटांचं काम असतं. दहा वर्षांनी तेच तुमच्या ट्रान्झिस्टरएवढं होतं.

तुमच्या वडिलांच्या सेटचं एक सांगायचं राहिलं. तो नव्यासारखा करायच्या नादी लागू नका. पेटीवरचा त्यांच्या अंगठ्याने घासलेला भाग, व्हॉल्यूमच्या चाकावरचा मळ, हे पॉलिश करू नका. काढलेली जुनी स्प्रिंग आणि वायर धुऊन, वाळवून छोट्या पिशवीत घालून पेटीसोबत ठेवा. वाजायला लागल्यावर तो रोज ऐकणार असाल तर चांगले अल्कलाईन सेल घाला आणि त्यावर पेनाने तारीख लिहा. कधीमधी, सणावाराला ऐकणार असाल तर ऐकून झाल्यावर लगेच सेल काढा आणि पेटीशेजारी वेगळ्या डबीत ठेवा. सेलचं झाकण नुसतं टेकवून ठेवा, घट्ट बसवू नका, म्हणजे उचलताना हाताला कळेल की आत सेल नाहीत.